कलमतराश आणि खिशातील चाकू

पाते मुठीत मिटणारा, खिशात मावणारा चाकू हे शेतकऱ्याचे वा गुराख्याचे अवजार, असा सर्वसाधारण समज आहे. बीदर आणि कलबुर्गी या सीमेवरील जिल्ह्यांत मात्र लहानशा पात्याचा इतिहास शेताइतकाच दप्तराशीही निगडित आहे. ‘चाकू’ हा शब्द फारसीतून आला आणि मराठी, कन्नड, उर्दू या तिन्ही भाषांत रुळला. त्याच फारसीने या चाकूच्या एका भाऊबंदास ‘कलमतराश’, म्हणजे लेखणी तासणारा, असे नाव दिले.

१३४७ साली बहामनी राज्याची राजधानी गुलबर्ग्यास झाली. पंधराव्या शतकात ती बीदरला गेली. राज्याचा कारभार कागदावर चाले. दरबारी मुनशी फारसी लिही, तर गावोगावच्या कुलकर्ण्यांची दप्तरे पुढे मोडीत भरू लागली. बोरू दोघांच्याही हाती होता, आणि बोरू पात्यावाचून निरुपयोगी. कांडीचे टोक तिरपे कापावयाचे, मधोमध बारीक चीर द्यावयाची, मग टोक एका दाबात छाटावयाचे. झिजले की पुन्हा तासावयाचे. अक्षराचे वळण पात्याच्या धारेवर अवलंबून असे. जस्त व तांबे यांच्या मिश्रधातूत चांदी जडवून केलेली बिदरी कलमदाने आजही संग्रहालयांत पाहावयास मिळतात. दौत, लेखणी आणि कलमतराश हा लेखकाचा सारा संसार अशा पेटीत मावत असे.

बीदरमध्येच वजीर महमूद गवानने १४७२ साली मदरसा उभारला. १४८१ साली त्याचा शिरच्छेद झाला. त्याला कारण एक बनावट पत्र. विरोधकांनी त्याची मोहोर कोऱ्या कागदावर मिळविली आणि वर राजद्रोहाचा मजकूर लिहिला, असे इतिहासकार सांगतात. लेखणी तासणाऱ्या पात्याने कोणाचे वाकडे केले नाही. तासलेल्या लेखणीने मात्र एका कर्त्या पुरुषाचा बळी घेतला.

कलमतराशाचे पाते बहुधा मुठीत पक्के बसविलेले असे. घडीचा चाकूही जुनाच. रोमन काळातील असे चाकू उत्खननांत सापडले आहेत. युरोपात पिसाची लेखणी तासण्यासाठी लहान चाकू वापरीत. पोलादी टाकाचा प्रसार एकोणिसाव्या शतकात झाला आणि ते काम संपले. इंग्रजीत ‘पेननाइफ’ हे नाव तेवढे उरले. आपल्याकडेही टाक आला, बोरू मागे पडला, आणि चाकू पेन्सिलीकडे वळला.

आज तो सुतळी कापतो, उसाचे कांडे सोलतो, फळाच्या फोडी करतो. चाकू म्हटले की मारामारी आठवते, हा त्याच्यावर अन्याय आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानेही केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठी बनविलेल्या वस्तू शस्त्रांच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. पाते चांगले की वाईट, हे ते धरणाऱ्या हातावर ठरते. बीदरच्या इतिहासात ही कसोटी लेखणीलाही लागू पडली.