हजेरीपट मोठ्याने वाचा



आमचे शालेय शिक्षण थोडेच. पुढचे शिक्षण रोजगार हमीच्या कामांवर झाले, आणि पाठ्यपुस्तक म्हणजे हजेरीपट. त्या हजेरीपटावर स्वर्गवासी माणसे माती उपसत आणि मुंबईला गेलेली माणसे इथे खडी फोडत. आम्ही एकच मागणी धरली : पगाराच्या दिवशी हजेरीपट सर्वांदेखत मोठ्याने वाचा. नावे वाचली जाऊ लागली तशी मेलेली माणसे कामावरून कमी झाली!

आज बोलायचे आहे ते मोठ्या प्रकल्पांविषयी. मातीच्या बांधावरची चोरी रुपयांची असते, महाप्रकल्पातली कोटींची. परंतु तिथला हजेरीपट कोण वाचतो?

आम्ही धरणांचे वा रस्त्यांचे वैरी नव्हे. सापगावच्या पुलावरून आपण भातसा पाहतो. मुंबईच्या पाण्यातला सुमारे अर्धा वाटा याच धरणाचा. त्यावर महानगर जगते. ते जगावेच. पण त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. लाभ कोणाच्या पदरी आणि खर्च कोणाच्या माथी, हा अर्थशास्त्राचा पहिला प्रश्न आहे. तो आमच्या आयाबहिणी हंडा डोक्यावर घेऊन रोज विचारतात.

आता पैसा कसा गळतो ते पाहू. कामाचा अंदाज आधी कमी दाखवायचा, काम सुरू झाले की वाढवायचा, आणि त्याला 'सुधारित प्रशासकीय मान्यता' घ्यायची. जमीन व वनखात्याची परवानगी हाती नसतानाच यंत्रे लावायची. म्हणजे पुढे म्हणता येते, 'इतका पैसा गेला, आता मागे कसे फिरायचे?' मुरबाडच्या काळू धरणाचे काम वनपरवानगीशिवाय सुरू झाले होते. श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि २०१२ साली उच्च न्यायालयाने ते थांबवले. त्याच वर्षी सिंचनाचा प्रश्न राज्यभर गाजला. दहा वर्षांत सुमारे सत्तर हजार कोटी खर्चूनही सिंचनाखालचे क्षेत्र जेमतेम ०.१ टक्का वाढले, असे सरकारच्याच आर्थिक पाहणीवरून दिसत होते. शासनाने श्वेतपत्रिका काढून वाढ अधिक असल्याचे सांगितले. पुढे माधव चितळे समितीने कारभारातल्या अनियमितता नोंदवल्या. आकड्यांवर वाद घाला. पण हिशेब आधीच उघडा असता तर वाद कशाला झाला असता?

तिसरी गोष्ट मजुरांची. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाला. आपल्याच तालुक्यात सरळांबे येथे १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे गर्डर चढवणारे यंत्र कोसळले आणि २० जण मेले. त्या अपघाताचा दोष कोणाचा, हे सांगणे आमचे काम नव्हे. परंतु एकंदर धंद्याची रीत आम्हांस ठाऊक आहे. ठेका पोटठेकेदाराकडे, त्याच्याकडून मुकादमाकडे उतरतो. प्रत्येक पायरीवर कोणीतरी आपला वाटा काढतो. शेवटच्या पायरीवर काटकसर करायला दोनच गोष्टी उरतात : मजुरी आणि मजुराचा जीव. लाचेचा पैसा आकाशातून पडत नाही, तो तिथूनच येतो.

मग करायचे काय? २००५ च्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्याने गावच्या बांधाचा हिशेब ग्रामसभेपुढे तपासण्याची सोय केली. खड्डा खणणाऱ्याचा हिशेब गाव तपासणार आणि डोंगर फोडणाऱ्याचा कोणीच नाही, हा कोणता न्याय? आमचे मागणे साधे आहे. मूळ अंदाज, प्रत्येक वाढ आणि तिचे कारण, जमिनीचा मोबदला, पोटठेकेदार आणि कामगारांची यादी चावडीवर मराठीत वाचून दाखवा. माहितीच्या अधिकाराचा कायदाही २००५ सालचाच. अर्ज करायला साधा कागद पुरतो. पण एकटा अर्जदार एकटा पडतो. म्हणून दहाजणांनी मिळून अर्ज करा.

हजेरीपट मोठ्याने वाचला की मेलेली माणसे पळतात, हा आमचा अनुभव. आणि जिवंत माणसे मोजली जातात, हा त्याहून मोठा लाभ.