अ‍ॅनालॉग प्रक्षेपणाची अखेर : बचत कोणाची, खर्च कोणाचा?

(व्याख्यानाचा संपादित पाठ)

वाराणसीतील ब्रह्मा घाट, दुर्गा घाट आणि पंचगंगा घाट या परिसरात मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. दूरदर्शनचा कार्यक्रम पाहण्यासाठी देशातील इतर शहरांप्रमाणे येथेही एकेकाळी गच्चीवरचा साधा अँटेना पुरेसा होता. मासिक शुल्क नव्हते. प्रसार भारतीने अ‍ॅनालॉग भूप्रक्षेपक बंद केल्याने हे साधन कालबाह्य झाले. वरवर हा तंत्रज्ञानातील बदल असला, तरी मुळात तो सार्वजनिक वित्ताचा प्रश्न आहे.

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८० च्या दशकात कमी शक्तीच्या प्रक्षेपकांचे जाळे देशभर पसरले. पुढे केबल व उपग्रह वाहिन्यांमुळे अँटेनावर विसंबणारा प्रेक्षक घटत गेला. प्रक्षेपकांवरील वीज, देखभाल व मनुष्यबळाचा खर्च मात्र चालूच राहिला. ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रसार भारतीने जाहीर केले की, सुमारे ७० टक्के प्रक्षेपक बंद झाले असून, मोक्याच्या ठिकाणचे सुमारे ५० वगळता उर्वरित मार्च २०२२ पर्यंत बंद होतील. यातून वार्षिक सुमारे १०० कोटी रुपयांची बचत अपेक्षित होती.

बचतीइतकेच महत्त्व वर्णपटाला आहे. अ‍ॅनालॉग पद्धतीत एका वाहिनीस जेवढी कंप्रता-पट्टी लागते, तेवढ्यात डिजिटल पद्धतीने अनेक वाहिन्या सामावतात. वर्णपट मर्यादित असल्याने तो जुन्या कामात अडकवून ठेवण्याचा वैकल्पिक परिव्यय मोठा असतो. म्हणूनच अमेरिकेने १२ जून २००९ रोजी पूर्ण शक्तीचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपण थांबवले, तर ब्रिटनने ही प्रक्रिया ऑक्टोबर २०१२ मध्ये पूर्ण केली.

या दोन्ही देशांनी प्रेक्षकाच्या खर्चाचाही विचार केला. अमेरिकेत रूपांतरक खरेदीसाठी प्रत्येकी ४० डॉलरची, कुटुंबास कमाल दोन कुपने मिळाली. ब्रिटनमध्ये वयोवृद्ध व अपंग नागरिकांसाठी स्वतंत्र साहाय्य योजना होती. एकाच्या लाभातून दुसऱ्याची हानी भरून निघू शकते, एवढे म्हणून धोरण न्याय्य ठरत नाही. ती प्रत्यक्षात भरून द्यावी लागते.

भारतात डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली, आज डीडी फ्री डिश या नावाने ओळखली जाणारी सेवा हा मुख्य पर्याय ठरला. तिला मासिक शुल्क नाही. तबकडी व सेट टॉप बॉक्सचा एकदाच खर्च येतो. ब्रह्मा घाटच्या मराठी प्रेक्षकास तर तिने अधिकच दिले. भूप्रक्षेपक आपल्या परिसरापुरता असतो, त्यामुळे काशीतील अँटेनावर मराठी वाहिनी मिळण्याची शक्यता नव्हती. उपग्रहाने सह्याद्री वाहिनी गंगेकाठी पोहोचवली. भाषा प्रक्षेपकाच्या सीमेतून मुक्त झाली, हा लाभ लहान नाही.

परंतु तबकडीला मोकळे आकाश लागते. दाट गल्लीतल्या जुन्या वाड्याच्या तळमजल्यावरील भाडेकरूला गच्चीचा हक्क असेलच असे नाही. पूर्वी खोलीतला लहान अँटेनाही काही प्रमाणात भागवी. तबकडीचे तसे नाही. त्याच्यापुढे केबलचे मासिक शुल्क भरणे किंवा दूरचित्रवाणी सोडणे, एवढेच मार्ग उरतात. निःशुल्क सेवा अशा रीतीने व्यवहारात सशुल्क होते.

जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या २,५३९.६१ कोटी रुपयांच्या प्रसारण पायाभूत सुविधा योजनेत ८ लाखांहून अधिक सेट टॉप बॉक्स मोफत देण्याची तरतूद आहे. ती दुर्गम, आदिवासी, नक्षलग्रस्त व सीमावर्ती भाग आणि आकांक्षित जिल्हे यांसाठी आहे. शेजारचा चंदौली जिल्हा आकांक्षित आहे, वाराणसी नाही. प्रदेशाच्या निकषावर साहाय्य दिले की समृद्ध शहरातील गरीब घर यादीबाहेर राहते.

प्रक्षेपक बंद करण्याचा निर्णय आर्थिकदृष्ट्या योग्यच होता. मात्र सार्वजनिक प्रसारणाचे यश वाचलेल्या कोटींवरून नव्हे, तर शेवटच्या प्रेक्षकापर्यंतच्या पोहोचीवरून मोजावयाचे असते. वर्षाकाठी होणाऱ्या बचतीतील अल्प वाटा घराच्या उत्पन्नाचा निकष लावून अशा कुटुंबांसाठी राखला, सामायिक गच्चीवर एकत्रित तबकडीची सोय झाली, तर तंत्रज्ञानाची प्रगती आणि समान संधी यांत विरोध उरणार नाही.