किल्लीची उगवण चाचणी

मी कामठीहून बोलते आहे.

पेरणीआधी घरच्या सोयाबीनचे १०० दाणे आपण ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. ७० उगवले तर बियाणं पेरायचं. ते १०० दाणे मात्र गेले. किल्लीचंही असंच आहे.

गटाचा हप्ता मोबाइलवरून जातो, तेव्हा तो निरोप कुलूपबंद असतो. किल्ली दोन्ही टोकांना हवी, पण वाटेत कुणी पाहायला नको. १९८४ साली बेनेट आणि ब्रासार्ड या दोघांनी सुचवलं, की किल्लीचे आकडे प्रकाशाच्या एकेका कणावरून पाठवा. कण इतका नाजूक, की चोरून पाहिला की बिघडतो. चोरानं प्रत्येक कण मोजून पुढे धाडला, तर १०० आकड्यांत सुमारे २५ चुकतात. म्हणून दोन्ही टोकं थोडे आकडे उघड जुळवून बघतात. चुका साधारण ११ टक्क्यांच्या वर गेल्या, की ती किल्ली टाकून द्यायची. फेब्रुवारी २०२२ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीनं प्रयागराज ते विंध्याचल अशी किल्ली पाठवली, १०० किलोमीटरहून लांब, आधीच टाकलेल्या केबलमधून.

आता मेख इथं आहे. उघड केलेले आकडे वाया जातात. थोडेच तपासले तर चोर निसटेल, फार तपासले तर किल्ली उरणार नाही. मग करायचं काय? ढीग मोठा होऊ द्यायचा. एक पोतं असो की दहा, माल एकसारखा असेल तर तपासायला दाणे तेवढेच लागतात, आणि दहा पोत्यांतून ते गेलेले कळतही नाहीत. प्रकाशही बेतानंच ठेवायचा. जास्त केला तर एका झोतात दोन कण जातात, त्यातला एक चोर उचलतो. फार कमी केला तर किल्ली तयार व्हायला वेळ लागतो.

फसगतीची शक्यता १०० कोटींत एक ठेवायची की १,००० कोटींत एक, हेही ठरवता येतं. ढीग मोठा असला, तर दहापट कडक नियमानंही किल्ली जराशीच आखडते. वेगासाठी हा नियम सैल करणं मला तरी पटत नाही.

आणि हो, हे सगळं वाटेतल्या चोरासाठी. आमच्या गटातल्या एकीनं फोनवर स्वतःच ओटीपी सांगितला, सहा हजार गेले. तिथं हा कण काय करणार? त्याच रात्री आम्ही १९३० वर तक्रार नोंदवली. पैसे अजून यायचे आहेत.