इंदूरचे मराठीपण आणि कागदपत्रांची वणवण
(मंडळाच्या वार्षिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हाला दिलेला विषय आहे 'विविधतेने नटलेल्या समाजात मराठी माणसाची सांस्कृतिक एकरूपता'. विषय विद्वानांचा आहे. आम्ही बी.कॉम. होऊन बँकेच्या काउंटरवर बसलेली माणसे, तेव्हा काउंटरवरून जेवढे दिसते तेवढेच बोलणार. त्यात काही ऐकायला कडू वाटले तर घरचे म्हणून चालवून घ्यावे.

इंदुरात आपण चांगले मिसळलो, हे पहिल्यांदा मान्य करू. होळकरशाहीपासूनची आपली घराणी इथे आहेत. आपल्या पोह्यांत इंदूरने बडीशेप घातली, वर शेव भुरभुरली, शेजारी जिलबी ठेवली, आणि आपण तक्रार केली नाही. उलट पुण्याला गेलो की तिथले पोहे आपल्याला अळणी लागतात. आपण 'काय करून राहिलात' म्हटले की तिकडचे नातेवाईक हसतात, आपणही हसतो. सुमित्राताई महाजन १९८९ पासून २०१४ पर्यंत सलग आठ वेळा इथून लोकसभेवर निवडून आल्या, पुढे लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. केवळ मराठी मतांवर हे झाले नसते. ज्या शहराने चिपळूणच्या मुलीला 'ताई' म्हणून आठ वेळा दिल्लीला पाठवले, त्या शहराने आपल्याला परके मानले असे कोण म्हणेल?

आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या. सार्वजनिक गणपती आपण आणला, पण त्या रात्रीच्या झांक्या गिरण्यांच्या. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी अशा एकेका गिरणीची झांकी निघायची आणि ती सजवणाऱ्यांत हिंदी बोलणारे, मराठी बोलणारे, हिंदू, मुसलमान सगळे असत. गिरण्या बंद पडल्या तरी कामगारांच्या समित्यांनी वर्गणी मागून झांक्या चालू ठेवल्या. एकरूपता शिकायची तर ती या कामगारांकडून. त्यांनी १९६२ साली होमी दाजींना लोकसभेवर पाठवले. दाजी पारशी. त्यांची जात, भाषा, धर्म मतदारांपैकी फार थोड्यांचा असेल, पण गिरणीच्या फाटकावरचे दुःख सगळ्यांचे एक होते.

आता आमचा खरा मुद्दा. 'आपण मिसळलो' असे म्हणताना 'आपण' म्हणजे कोण?

रामबाग, नारायणबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर इथली मंडळी आज या सभागृहात बसली आहेत. परदेशीपुरा, पाटणीपुरा, नंदानगर इथली किती आहेत? मालवा मिलजवळ एक वस्ती आहे, तिचे नाव 'कुलकर्णी का भट्टा'. आडनाव आपले, 'का' हिंदी, आणि राहणारे हातावर पोट असलेले. एकरूपतेचे याहून चांगले उदाहरण आम्हाला सापडत नाही, पण आपल्या मंडळाची निमंत्रणपत्रिका तिथे जात नाही. खानदेश-वऱ्हाडाकडून गिरण्यांत कामाला आलेल्या कुटुंबांची तिसरी-चौथी पिढी या भागांत आहे. ती घरात मराठी बोलते, बाहेर हिंदी, आणि आपल्या वर्गणीच्या पुस्तकात तिचे नाव नाही.

हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली. ५,८९५ कामगार होते. त्यांच्या थकलेल्या पैशांसाठी खटला चालला, आणि २५ डिसेंबर २०२३ ला सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश अवसायकाकडे सुपूर्त झाला. बत्तीस वर्षे! तोपर्यंत कितीतरी कामगार वारले होते. पैसा वारसांना मिळायचा, म्हणजे विधवा आणि मुलांना. वारसाचा प्रश्न आला की कागदाचा प्रश्न येतो, आणि तिथे आम्ही येतो.

कागदाची अडचण म्हणजे काय, हे आपल्या घरातल्याच एका चालीवरून सांगतो. लग्नात आपण तांदळाच्या ताटात सुनेचे नवे नाव लिहितो. माहेरची शकुंतला सासरी वैशाली होते. सोहळा गोड असतो. पण शाळेच्या दाखल्यावर शकुंतला राहते, नवऱ्याच्या कागदांत पत्नी म्हणून वैशाली लागते, आणि आधार काढताना कोणीतरी 'वैशाली बाई' लिहून मोकळे होते. आपल्याकडे मधले नाव बापाचे, मग नवऱ्याचे. इथल्या कारकुनाला मधल्या नावाची सवय नाही, तो ते कधी गाळतो, कधी आडनाव समजतो. समग्र आयडीत एक, आधारात दुसरे, पासबुकात तिसरे. तीन नावांची बाई काउंटरसमोर उभी राहते आणि संगणक तिला तीन बायका समजतो. नाव पूर्ण बदलल्याचे सिद्ध करायचे तर राजपत्रातल्या अधिसूचनेपर्यंत जावे लागते. तुमच्या-आमच्या घरात वकील असतो, निदान वकिलाचा साडू असतो. तिच्याकडे कोण?

लाडली बहना असो की विधवा पेन्शन, पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. जोड तुटली की हप्ता अडकतो. दोन वर्षे व्यवहार नसला तर खाते निष्क्रिय होते, दहा वर्षांनी त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते. ती नंतरही मागता येते, शोधायला २०२३ पासून 'उद्गम' पोर्टल आहे, पण हे माहीत कोणाला? जीवन ज्योती विम्याचे ४३६ रुपये दरवर्षी खात्यातून कापले जातात. माणूस गेल्यावर दोन लाख मिळतात, आणि घरच्यांना तो विमा होता हेच ठाऊक नसते. आम्ही पासबुक उलटून ती ४३६ ची नोंद दाखवतो तेव्हा समोरच्या बाईला आधी वाटते की आम्ही आणखी काही कापायला सांगतो आहोत. मागे रांग असते. एका माणसाला पाच मिनिटांहून जास्त देता येत नाहीत, आणि हे काम पाच मिनिटांचे नाही.

याहून अवघड कागद जातीच्या दाखल्याचा. इथे काही जण अस्वस्थ होतील, आम्हाला कल्पना आहे. मंडळात जातीचा विषय नको, असे आपल्याकडे म्हणतात. ज्यांना दाखल्याची गरज पडली नाही त्यांना असे म्हणणे सोपे आहे.

अनुसूचित जातींच्या यादीचा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० चा आहे. मध्य प्रदेशात दाखला हवा तर कुटुंब १९५० पासून या प्रदेशात राहत असल्याचा पुरावा लागतो. मागासवर्गीयांसाठी तेच वर्ष १९८४. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशाच्या प्रकरणात सांगितले की, एका राज्यातला अनुसूचित दर्जा माणसाबरोबर दुसऱ्या राज्यात जात नाही. २०१८ मध्ये घटनापीठाने राज्यांतल्या नोकऱ्यांबाबत तेच म्हटले. म्हणजे अकोल्याचा दाखला इथे आरक्षणाला चालत नाही. पण महार जात मध्य प्रदेशाच्या यादीतही आहे, आणि १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध झालेल्यांनाही तो हक्क आहे. तेव्हा आजोबा १९५० च्या आधी गिरणीत लागले असतील तर नातवाचा हक्क पक्का आहे. अडचण एकच, आजोबा भाड्याच्या खोलीत राहिले. ना जमीन, ना सातबारा, ना पट्टा. आपल्या कपाटांत होळकरांच्या सनदा आहेत, मोडीतल्या, वाचता येत नाहीत तरी जपलेल्या. त्यांच्याकडे फार तर शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरातली एक ओळ असते, तीही कोणी शोधून काढली तर.

ती शोधून काढायला आपली माणसे उपयोगी पडतील. जुन्या मराठी शाळांत शिकवलेले निवृत्त शिक्षक या सभेत आहेत, कोणत्या शाळेचे रजिस्टर आज कुठे आहे हे त्यांना ठाऊक आहे. तहसिलीत आयुष्य घालवलेले आहेत. मोडी वाचणारे दोघे-तिघे अजून आहेत. एवढी माहिती इंदुरात दुसऱ्या कोणत्या मंडळाजवळ असेल?

महू इथून तासाभराच्या आत आहे. १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या जन्मस्थानी महाराष्ट्रातून गाड्या भरून माणसे येतात आणि ती मराठीच बोलतात. आपल्या मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमपत्रिकेत गुढीपाडवा आहे, रामनवमी आहे, कोजागिरी आहे, दिवाळी पहाट आहे. १४ एप्रिल नाही. आम्ही कोणावर आरोप करत नाही. पत्रिका ज्यांनी छापली त्यांच्या घरात तो दिवस पाळला जात नव्हता, एवढेच. पण मराठीपण भाषेचे असेल तर मराठी बोलणारा प्रत्येक जण त्यात आला पाहिजे.

आता थोडे राजकारण, कारण हे पत्रक त्यासाठीच निघते. निवडणूक आली की सगळ्या पक्षांचे उमेदवार आपल्या गणपतीच्या आरतीला येतात. आपण शाल-श्रीफळ देतो आणि सभागृहासाठी निधी मागतो. घटनेच्या ३५०-क कलमाप्रमाणे मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची मागणीही अधूनमधून करतो, मग आपली मुले इंग्रजी शाळेत पाठवतो. यापुढे पार्षद असो की आमदार, त्याला दोन गोष्टी विचाराव्यात. वस्तीतल्या लोकसेवा केंद्रात नावदुरुस्तीचे शिबिर कधी लावणार? आणि १९५० च्या पुराव्यासाठी गिरण्यांचे जुने हजेरीपट ग्राह्य धरायला प्रशासनाला सांगणार का? या मागण्यांत मराठीपुरते काही नाही. त्यांचा फायदा मालवा मिलच्या उत्तर प्रदेशी कामगाराच्या नातवालाही होईल, आणि म्हणूनच उमेदवाराला त्या ऐकाव्या लागतील. दाजींना मते अशाच मागण्यांवर मिळाली होती.

सरकारचे काम मंडळाने का करावे, असे कार्यकारिणीत एका ज्येष्ठांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. दाखला सरकारच देईल. आपण फक्त अर्ज नीट भरून द्यायचा, कोणता कागद आधी आणि कोणता नंतर ते सांगायचे. पहिल्यांदा तहसिलीत गेलेला माणूस हात हलवत परत येतो, त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि तिसऱ्या खेपेला तो जाणेच सोडतो. ती एक खेप वाचवणे हे मंडळाचे काम होऊ शकते.

आज दोन ठराव पुढे आहेत. एक सभागृहाच्या वातानुकूलनाचा. दुसरा आम्ही मांडतो तो असा: दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सकाळी दहा ते एक, मदत केंद्र. ते या सभागृहात नको, इथे ती माणसे यायची नाहीत. परदेशीपुऱ्यात एखादी खोली भाड्याने घ्यावी. बँकेतले आम्ही चौघे पाळीपाळीने बसू, दोन निवृत्त शिक्षकांनी होकार दिला आहे, तहसिलीतले एक काका विचार करून सांगतो म्हणाले. वर्षाचा खर्च भाडे, झेरॉक्स आणि अर्जांचे शुल्क धरून काढला आहे, तो खजिनदारांकडे दिला आहे. वातानुकूलनाच्या रकमेत तो तीन वर्षे निघतो. दोन्ही ठराव एकाच वर्षी पेलणार नाहीत, हे खजिनदारांनी आधीच सांगितले आहे, तेव्हा निवड आपल्यालाच करावी लागेल. मतदान चहानंतर आहे. खर्चाच्या तपशिलाची प्रत दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे, ती चहा घेता घेता पाहून घ्यावी.