आखाजीच्या आधी एक पत्र

(८ मार्च २०२२ च्या प्रभागसंघाच्या सभेतलं बोलणं. येऊ न शकलेल्या गटांनी बैठकीत वाचून दाखवावं.)

हरभरा-गव्हाची काढणी टाकून आलात, कुणाची आजची मजुरी बुडाली, ठाऊक आहे मला. म्हणून हप्ते-व्याज नंतर, आधी एकच विषय बोलते.

मागच्या २१ डिसेंबरला मंत्री स्मृती इराणी यांनी लोकसभेत एक विधेयक मांडलं. मुलीच्या लग्नाचं वय अठरावरून एकवीस करायचं. मुलाचं आधीच एकवीस आहे. विधेयक म्हणजे अजून कायदा नाही. ते सध्या संसदेच्या स्थायी समितीकडे तपासणीला गेलंय. समितीचे अध्यक्ष आपल्याच राज्यातले खासदार, विनय सहस्रबुद्धे. सदस्य एकतीस, आणि त्यात बाई एकच, सुष्मिता देव. लग्न आपल्या लेकींचं आणि बोलणारे तीस पुरुष!

गावात मात्र वेगळंच कानावर येतं. “कायदा येतोय, आखाजीला उरकून टाका.” अहो, कुठं घाई करता? विधेयकातच लिहिलंय, मंजूर होऊन राष्ट्रपतींची सही झाली तरी पुढं दोन वर्षांनी लागू होईल. आणि अठराच्या आतलं लग्न आजही गुन्हाच आहे. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड.

आता घरातलं बोलते, राग मानू नका. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद होत्या, तेव्हा आपल्यातल्याच एका ताईनं पोरीचं लग्न लावलं. पोर नववीत. कर्ज आपल्या गटानं दिलं. रजिस्टरला ‘घरदुरुस्ती’ लिहिलं. मी सचिव होते, सही माझी आहे. वरण-बट्टी जेवून आलो आपण सगळ्या. त्या ताईला मी नंतर विचारलं तर म्हणाली, “माय, आम्ही दोन्ही ऊसतोडीले जातस. पोरले घरमा एकली कशी ठेवू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

ही एका घरची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या बायांची माहिती घेतली. महाराष्ट्रात शंभरातल्या बावीसजणींचं लग्न अठराच्या आत झालेलं. आपल्या धुळे जिल्ह्यात चाळीसच्या आसपास.

म्हणून माझं मत असं की एकवीस करा, चांगलं आहे, पण नुसता आकडा वाढवून त्या ताईची पोर वाचणार नाही. दहावीनंतर शाळेपर्यंत एसटी, तालुक्याला मुलींचं वसतिगृह, हे सोबत द्या. तुमच्यातल्या काहींना विधेयक नको आहे. अठराव्या वर्षी खासदार निवडता येतो, मग नवरा का नाही, असं परवा एकीनं विचारलं. दुसरीला भीती आहे की पोरीनं मनानं लग्न केलं तर बापच हा कायदा घेऊन पोलिसात जाईल. दोन्ही मुद्दे खरे आहेत. तेही लिहा. मला एक कलम मात्र फार मोलाचं वाटतं. लहानपणी लग्न झालेल्या मुलीला ते रद्द करून मागायला आज सज्ञान झाल्यावर दोनच वर्षं मिळतात, म्हणजे विसाव्या वर्षापर्यंत. विधेयकात ती मुदत पाच वर्षं आहे. सासरी नांदणाऱ्या पोरीला कोर्ट कुठं आहे हे कळायलाच दोन वर्षं जातात!

आपल्या पत्रानं काय होणार, असं म्हणाल. आपल्या स्टेशनावरून सुरतची गाडी जाते ना? त्या सुरतेत डॉक्टर रखमाबाईंनी कित्येक वर्षं बायांवर उपचार केले. त्यांचं लग्न अकराव्या वर्षी लागलं होतं. नवऱ्यानं कोर्टात ओढलं. १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. त्याआधी १८८५ मध्ये त्यांनी नाव न सांगता, ‘एक हिंदू स्त्री’ म्हणून, टाइम्स ऑफ इंडियाला पत्रं लिहिली होती. त्या वादानं देश ढवळून निघाला आणि १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. वय दहाचं बारा, एवढंच झालं. पण तोवर त्यावर पुरुषच भांडत होते, त्यात एका बाईचं म्हणणं छापून आलं.

तर पत्र असं करू. एक आपले धुळ्याचे खासदार डॉ. सुभाष भामरे यांना, एक समितीच्या अध्यक्षांना, राज्यसभा सचिवालय, संसद भवन, नवी दिल्ली ११०००१. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना मिळतं. वर गटाचं आणि गावाचं नाव, मग तुमचं लग्न कितव्या वर्षी झालं, पोरीची शाळा कुठं सुटली, तुम्हाला काय हवं. सगळ्यांनी एकच मजकूर उतरवू नका, तसली पत्रं कुणी वाचत नाही. लिहिता येत नसेल तर लेकीकडून लिहून घ्या, सही किंवा अंगठा तुमचा. नवऱ्याला विचारते म्हणू नका. विचारायचंच असेल तर पत्र टाकून झाल्यावर विचारा.

दोनशे कार्डं आणली आहेत, टेबलावर आहेत. प्रत्येक ग्रामसंघाच्या अध्यक्षांनी मोजून न्यावीत आणि येत्या सोमवारच्या बैठकीत भरलेली गोळा करावीत. आणि सचिव ताईंनो, आखाजीपर्यंत कुणी ‘घरदुरुस्ती’चं कर्ज मागितलं तर एकदा घर बघून या.