काळ्या कापडाची रजई

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, डिसेंबर उजाडला की आमच्या खानदेशात थंडी अशी उतरते की बाहेरचा माणूस चकित होतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा उकाडा सोसणाऱ्या माणसाला वाटतं, इथे कसली आली थंडी! पण याच भागात धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत घसरतो, आणि मग गादी कारखान्यांसमोर रजया भरून घेणाऱ्यांची गर्दी होते.

गेल्या थंडीत मी भावाच्या दुकानात बसलो होतो. एक तरुण जोडपं आलं. बाईंच्या हातात काळं कापड होतं, छान, तलम. त्या म्हणाल्या, "काका, रुई कसलीही भरा. कापड काळं आहे, आतलं काय दिसतंय!"

भाऊ माझ्याकडे पाहून हसला. ते हसू कशाचं होतं ते त्यालाच आणि मलाच ठाऊक. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

मी पिंजाऱ्याच्या घरातला. आमच्या समाजातले बरेच लोक स्वतःला मन्सुरी म्हणवतात. हे नाव सूफी संत मन्सूर अल-हल्लाज यांच्याशी जोडलं जातं. इसवी सन ९२२ मध्ये बगदादला त्यांना देहदंड झाला. अरबीत हल्लाज म्हणजे रुई पिंजणारा. माझ्या कविता वाचून कुणी विचारलं की तुमच्या घराण्यात पूर्वी कुणी साहित्यिक होतं का, तर मी हल्लाजांचं नाव सांगून मोकळा होतो. अब्बांना मात्र या नात्याचं फारसं कौतुक नव्हतं. त्यांचं कौतुक पिंजणीच्या तातेचं होतं. धनुष्यासारखी ती पिंजण छताला टांगायची, दोन्ही टोकांना फुगीर असलेल्या लाकडी दांड्यानं तात छेडायची, आणि त्या टणत्काराबरोबर रुईचा गठ्ठा फुलत जायचा. पुढे विजेचं यंत्र आलं. काम झपाट्यानं व्हायला लागलं, आवाज गेला.

आमचं दुकान धुळ्याला होतं. १९८८ सालची गोष्ट असेल. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. अब्बा एका लग्नासाठी मालेगावला गेले होते आणि चार दिवस दुकान माझ्यावर टाकलं होतं. एक दिवस धुळे तालुक्यातल्या एका गावाहून एसटीनं एक बाई आल्या. डोक्यावर गाठोडं. त्यांनी ओट्यावर एक काळी चंद्रकळा उलगडली आणि म्हणाल्या, "भाऊ, हाई मन्ही मायनी चंद्रकळा शे. मन्ही पोरसाठे रजई करी दे. कापूस घरना शे."

मुलीची लग्नानंतरची पहिली संक्रांत होती. संक्रांतीला काळं नेसतात हे तुम्हाला माहीत आहेच. आजीच्या चंद्रकळेत नातीला पहिल्या संक्रांतीची ऊब द्यायची, असं त्या माउलीच्या मनात होतं.

मी गाठोडं सोडलं. आत कवडी होती. शहरी श्रोत्यांसाठी सांगतो, किडीनं किंवा पावसानं खराब झालेलं, पिवळट पडलेलं, नीट न उमललेलं बोंड म्हणजे कवडी. त्या काळी राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती, १९७२ पासूनची. पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस गाडीत भरून खरेदी केंद्रावर जायचा, कारण त्यावर घर चालायचं. कवडीला भाव नसे, ती घरी राहायची. म्हणजे साऱ्या जगाला चांगला कापूस देणाऱ्या घरातल्या लेकीच्या रजईत कवडी. तेव्हा मला हे जाणवलं नाही. मला एवढंच जाणवलं की कापड काळं आहे, पिवळे डाग दिसायचे नाहीत. मी कवडी यंत्रातून काढली, भरली, लांब लांब टाके घातले आणि मजुरी घेऊन बाईंना मार्गस्थ केलं.

संक्रांत झाली आणि बाई परत आल्या. रजई एका गोणपाटात बांधून आणली होती. उघडली तर काळ्या चंद्रकळेवर जणू राख उडालेली. पांढरे-पिवळे तंतू कापडातून बाहेर आलेले. जावयाच्या सदऱ्याला तंतू, लेकीच्या साडीला तंतू. सासूनं रजई घडी करून बाहेर ओट्यावर ठेवली होती. बाई मला काही बोलल्या नाहीत. त्या अब्बांकडे पाहत होत्या.

अब्बांनी तळहात रजईवरून फिरवला, माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "कपडा काला है बेटा, ग्राहक अंधा नै."

मग त्यांनी टाके उसवले आणि उसवता उसवता मला जे शिकवलं, ते कुठल्याही पुस्तकात मला पुढे मिळालं नाही. पांढऱ्या कापडात कसलीही रुई खपते, कारण बाहेर आलेला पांढरा तंतू पांढऱ्यावर दिसत नाही. गडद कापडावर एकेक तंतू ओरडून सांगतो. तंतू बाहेर का येतो? तो तुटका आणि आखूड असतो म्हणून. लांब तंतू एकमेकांत गुंततात, धरून राहतात. आखडलेला, कुजका तंतू सुटा असतो, रजई हलली की वाट मिळेल तिथून बाहेर पडतो. कवडीचा तंतू मुळातच कमजोर, त्यात मी तो यंत्रातून तीनदा काढला होता. दर पिंजणीला तंतू आणखी तुटतो. जुनी रजई पुन्हा पिंजून नव्या काळ्या खोळीत भरून द्या म्हणणाऱ्यांना भाऊ आजही हेच सांगतो की त्यात निम्मी तरी नवी रुई घाला.

आणि वाट कुठून मिळते? कापडातून. चंद्रकळा जुनी, शेकडो वेळा धुतलेली, तिची वीण विरळ झालेली. त्यात भर म्हणून माझे हातभर अंतराचे टाके. आतली रुई जागेवर राहील कशी? ती सरकत होती आणि कापडाला घासत होती.

रुई कशी पारखायची तेही अब्बांनी दाखवलं. चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांच्या नखांमध्ये धरून हळूच ओढायची. लगेच तुकडा पडला तर ती गडद कापडाला नको. ताणली जाऊन मग सुटली तर घ्यावी. सरकीचे कण, पाल्याचा चुरा असेल तर तीही नको, कारण तो चुरा कापडाला आतून कुरतडतो.

इथे एक पेच आहे. पूर्वी खानदेशात देशी कापूस होता. जरिला, विरनार ही नावं आता जुन्या शेतकऱ्यांच्याच तोंडी ऐकू येतात. देशी कापसाचा तंतू जाडसर आणि आखूड. सूतगिरणीला तो फारसा आवडत नसे, पण रजईला सोन्यासारखा. दाबला तरी पुन्हा फुगतो, त्यात हवा राहते, म्हणून ऊब राहते. संकरित कापसाचा तंतू लांब, अठ्ठावीस-तीस मिलिमीटरचा, मऊ. तो बाहेर कमी येतो, पण दोन थंड्यांत दबून चादरीसारखा चपटा होतो. २००२ मध्ये बीटी वाण आल्यावर देशी कापूस आणखीच मागे पडला. मग काळ्या रजईत भरायचं काय? माझं मत विचाराल तर देशी मिळाला तर देशीच, पण आतून मांजरपाटाचं अस्तर शिवून. रुई अस्तरात राहते, काळं कापड वर राहतं, दोघांची गाठ पडत नाही. अस्तराचा खर्च वाचवणारा माणूस पुढे कपडे झटकत बसतो.

आजकाल फायबर भरतात. मी त्याला नावं ठेवणार नाही. हलकं असतं, धुता येतं, लवकर वाळतं. पण सुटं फायबर गुळगुळीत, ते गडद कापडातून सुईसारखं निघतं आणि थंडीत अंगावरच्या लोकरी कपड्यांना चिकटतं. घ्यायचंच तर चादरीसारखी चिकटवलेली शीट घ्यावी. अमेरिकेत तर गडद रजयांसाठी काळ्या रंगाचंच भरण विकत मिळतं, म्हणजे तंतू बाहेर आला तरी दिसायचा नाही! हुशारी आहे खरी. अब्बांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, तंतू बाहेर येतोच कशाला ते आधी बघा.

गोधडीची गोष्ट निराळी. तिच्यात रुईच नसते, जुन्या लुगड्यांचे थर असतात, त्यामुळे तंतूंचं भय नाही. तिथे सांभाळायचं ते रंगाला. कच्च्या रंगाचं गडद लुगडं फिक्याच्या शेजारी घातलं की पहिल्याच धुण्यात गोधडीचा फाग होतो. रजई मात्र धुवायची नसते, खोळ धुवायची. उन्हात घालायची तीही काळी बाजू आत करून, नाहीतर दोन वर्षांत तिची राखाडी होते.

तर, त्या बाईंची रजई. अब्बांनी कवडी बाजूला काढली आणि दुकानातली अडीच किलो देशी रुई घेतली. यंत्राला हात लावला नाही. कित्येक वर्षांनी पिंजण खाली काढली, तात बदलली आणि संध्याकाळपर्यंत रुई हातानं पिंजली. मी नुसता बसून होतो, कारण मला ते येत नव्हतं. मांजरपाटाचं अस्तर झालं, चार-चार बोटांवर टाके झाले. बाई पदराची गाठ सोडायला लागल्या तेव्हा अब्बा म्हणाले, "बहीन, मजुरी दिलेली आहे तुम्ही." कवडीचं गाठोडंही परत दिलं. वर सांगितलं, हिची उशी करा, पांढऱ्या कापडात.

रजई मुलीच्या सासरी पोचवायचं काम माझ्याकडे आलं. सासर जळगावला. धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत एसटी निघाली, आणि सगळ्या रस्त्यात ते बोचकं माझ्या मांडीवर. दार सासूबाईंनी उघडलं. मी कोण, कशासाठी आलो ते सांगितलं. चूक माझी होती, मुलीच्या आईची नव्हती, हेही सांगितलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. रजई पलंगावर पसरली, खिडकी उघडली आणि तळहात त्या चंद्रकळेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत दाबून फिरवला. मग हात उजेडात धरून पाहिला. उलटा करून पुन्हा पाहिला.

"सूनबाई," त्यांनी आत हाक मारली, "चहा टाक. धुळ्याहून माणूस आलाय."