वलय जिथे जुळतं



पेप्टाइड रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत बाळंतपणं करणारी डॉक्टर स्वागताध्यक्ष कशी, असं काहींच्या मनात आलं असेल. पण आपल्या विषयातलं एक वलय आम्हाला रोज लागतं. ऑक्सिटोसिन! नऊ अमिनो आम्लं. त्यातल्या सहांचं वलय आणि तिघांची शेपटी. गर्भाशयाच्या स्नायूंवरच्या रिसेप्टर प्रथिनाला ते जाऊन चिकटलं की गर्भाशय आवळतं आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आटोक्यात येतो.

1953 साली न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डू व्हिन्यो यांनी हे संप्रेरक प्रयोगशाळेत घडवलं. 1955 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. सरळ साखळी बांधायची आणि शेवटी दोन सिस्टिनांचे गंधक जोडून वलय मिटवायचं. वाचायला सोपं, पण द्रावण दाट झालं की एका रेणूचं टोक शेजारच्या रेणूत अडकतं. गर्दीत हात पुढे केला की दुसऱ्याचाच हात हाती यावा, तसं. म्हणून भरपूर पातळ द्रावणात काम करायचं. मेरिफिल्ड यांच्या 1963 च्या घनाधार पद्धतीने साखळी बांधणं पुष्कळ सोपं झालं. वलय मिटवताना मात्र आजही आपला कस लागतो, असं ऐकते.

आमची अडचण वेगळी आहे. ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. उन्हाळ्यात भारनियमन असलेल्या आरोग्य केंद्रात ते कसं सांभाळायचं, ते तिथल्या नर्सबाईंनाच विचारा. गंधकाचा तो बंध उष्णतेत टिकत नाही. ऑक्सिटोसिनवर बेतलेल्या कार्बेटोसिन या औषधात दोहोंपैकी एका गंधकाच्या जागी कार्बन आला, आणखीही किरकोळ बदल झाले. त्याचं उष्णतेत टिकणारं रूप 30 अंशांतही तीन वर्षं राहतं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह दहा देशांतल्या सुमारे 30 हजार बाळंतिणींवरच्या चाचणीत रक्तस्राव रोखण्यात ते ऑक्सिटोसिनपेक्षा कमी पडलं नाही. एका अणूच्या बदलाला माझ्या लेखी एखाद्या नव्या इमारतीपेक्षा जास्त मोल आहे. बांधकाम खात्याचे कोणी इथे असतील तर रागावू नये.

दोन दिवसांत आपण नव्या प्रथिनांवर नेम धरणाऱ्या वलयांबद्दल बोलाल. प्रत्येक वक्त्याला माझा एकच प्रश्न राहील: तुमचं वलय फ्रिजबाहेर किती दिवस टिकतं? उत्तर शोधनिबंधात नसेल तर जेवणाच्या रांगेत सांगितलं तरी चालेल. जेवण एक वाजता, मागच्या मांडवात आहे. आता अध्यक्षांनी सूत्रं हाती घ्यावीत, ही विनंती.